मुलाणी सरांचा उपग्रहाचा तास

सन्माननीय अध्यक्ष भाऊसो, व्यासपीठावरील मान्यवर, आज सेवानिवृत्त होणारे आमचे सिकंदर मुलाणी सर, पहिल्या रांगेतल्या त्यांच्या पत्नी अख्तरभाभी आणि कुंडलच्या माझ्या विद्यार्थ्यांनो,

सरांची विद्यार्थिनी आणि पुढे बारा वर्षं सहकारी, म्हणून मला दोन शब्द बोलायला सांगितलंय. दोनात भागणार नाही, हे सरांना ठाऊक आहे.

फौजेच्या सिग्नल दलातून, म्हणजे संदेशवहनाच्या कामातून, सर शाळेत आले. उपग्रहाच्या तासाला मोबाईल उंच धरून म्हणायचे, "ह्याचं माहेर फौजेत हाय." इंटरनेटचं मूळ लष्कराच्या पैशावर झालेल्या संशोधनात, रस्ता दाखवणारे उपग्रह आधी लष्करानंच सोडलेले. लढाईसाठी केलेलं आज उसाच्या ट्रकलाही वाट दाखवतं, हे सांगताना त्यांचा चेहरा कसा फुलायचा, आठवतंय ना?

मग तीन वर्षांपासून हा तास ते मला का देऊ लागले? "तूच घे गं," एवढंच म्हणायचे.

त्यांचा मुलगा, राहील, फौजेत होता. तो कुठं आहे ते भाभींच्या मोबाईलवर दिसायचं. भाकरी थापतानाही त्यांची नजर त्या निळ्या ठिपक्यावर. सरांना कळलं, तेव्हा त्यांनी फोनवरच त्याला सुनावलं, "दुश्मन बी तेच बघतोय रं. बंद कर." पोरानं बंद केलं. पुढं त्याला वरच्या चौकीवर पाठवलं आणि महिन्याभरात तिथं बर्फाचा कडा कोसळला. राहीलचा देह सापडायला तीन दिवस लागले. ठिपका चालू असता तर पोर लवकर सापडला असता, असं धरून ते तीन दिवस सरांनी स्वतःच्या माथी घेतले, ते आजतागायत. बघून जीव तुटतो हो.

सर, मी तुमच्याच वहीवरून शिकवते. उपग्रहामुळं फोनला आपलं ठिकाण कळतं. ते घरी कळवायला मात्र रेंज लागते. त्या चौकीवर रेंज नव्हती. वर जाताना राहीलनंच तसं सांगितलं होतं. तुम्ही बंद करायला सांगितलं नसतं, तरी भाभींना काही दिसलं नसतं.

हे चारचौघांत का बोलते? भाभी काल घरी आल्या होत्या. म्हणाल्या, "मी त्यास्नी कवा बोल लावला न्हाई. पर सांगाय लागलं की उठून जात्यात. हार घालून बसवल्यावर उठता यायचं न्हाई. तवा सांग."

प्रसंगाला न शोभणारं काही बोलले असेन, तर सभेनं मला पदरात घ्यावं. अध्यक्षांचे आणि आपल्या सगळ्यांचे आभार. आणि सर, तुम्ही उठला नाहीत, त्याबद्दल भाभींच्या वतीनं तुमचेही आभार.