चौकट रिकाम्या जागी

नाही नाही, बसा पियूषभाऊ, जिने चढून आलेच आहात तं पुरं ऐकून जा — खुर्ची डुगडुगते, पण पाडत नाही कोणाले, तीस वर्षं मी तिच्यावरच बसून नकाशे काढले. हा तुमच्या लेआउटचा कागद ना, प्लॉट विकायचा? मस्त आहे. रंग तं असे भरले की लग्नाची पत्रिका वाटते! अन् हे काय — विमानतळ पाच मिनिटं? कोण जाते पाच मिनिटांत, विमान? पाहा, गेटापासून विमानतळ एक बोट, अन् गेटापासून तुमचा बगिचा, तोही एक बोट. मंग बगिचा तरी आठ किलोमीटर लांब असन, नाही तं विमानतळ तुमच्या कुंपणाले लागून असन. स्केल म्हणतात त्याले, भाऊ. एका बोटाले किती जमीन, हे एकदा ठरलं की कागदभर तेच. तुमच्या कागदावर बोट जिकडे फिरते तिकडे स्केल बदलते! वरून बारीक अक्षरात लिहिलं, 'नकाशा प्रमाणात नाही' — हाव, ते दिसूनच राहिलं.

अन् उत्तरेचा बाण 'जरासा' फिरवा म्हणता. काहून गा? — सांगू नका, मले माहीत आहे. सारे प्लॉट पूर्वमुखी पाहिजेत. गिऱ्हाईक कागद वास्तुवाल्याले दाखवते, वास्तुवाला मान डोलवते, अन् घर बांधल्यावर सूर्य बिचारा किचनच्या मागून उगवते! उत्तर काय तुमच्या ऑफिसात नोकरीले आहे, तुम्ही म्हणान तिकडे तोंड करायले?

बरं, हे झाले लाड. आता खरं बोला — हा नाला. त्याच्यासाठीच आले तुम्ही, बाणासाठी नाही. 'काका, नाला दिसला नाही पाहिजे.' मंग काय करायचं, पुसायचा? छ्या! पुसणं कच्च्या माणसाचं काम, उद्या कोणीही पकडन. नकाशात सारंच दाखवता येत नाही, निवडावंच लागते, तो धंद्याचा पहिला धडा — झाड सोडा, विहीर ठेवा. अन् दुसरा — कोणती खूण कशाची हे सांगणारी चौकट असते ना, ती रिकाम्या जागी ठेवायची, जिथं काहीच नाही तिथं. मागं एका लेआउटवाल्यासाठी मी काय केलं होतं? चौकट उचलली अन् बरोबर नाल्यावर ठेवली. पुसला नाही बापा, फक्त झाकला! — काय? त्यानंच दिलं तुम्हाले माह्यं नाव? बेसा गावाकडल्या त्याच लेआउटवाल्यानं? वा! म्हणजे त्या चौकटीनं मले गावात नाव मिळवून देल्लं.

हसू नका, पुढचं ऐका. माही पोरगी, दीपमाला, याच टेबलाखाली खेळून मोठी झाली. चौथीत होती तेव्हा मीच तिले शिकवलं — बाई, चौकट दिसली की समजायचं, तिथं काही नाही, ना खड्डा ना नाला, मोकळी जमीन. मोठी झाली, लग्न झालं, अन् तिनं नवऱ्यासोबत तो नकाशा पाह्यला. बाबाचं अक्षर ओळखलं. अन् निवडून निवडून चौकटीले लागून असलेला प्लॉट घेतला — मागे काहीच नाही म्हणून! मले विचारलं नाही. काहून विचारन? नकाशा बाबाचा होता. रजिस्ट्री करून पेढे घेऊन आली, 'बाबा, सत्तावीस नंबर!' अन् मी — मी पेढा खाल्ला. दोन खाल्ले. तेव्हा तोंड उघडलं असतं तं... घर तरी बांधलं नसतं तिनं. पण म्हटलं, नाला लहानसाच आहे, कशाले पोरीचा चेहरा उतरवू. ही बापाची अक्कल!

तीन वर्षांआधी घरात पाणी शिरलं. मी गेलो तं किचनमध्ये सिलिंडर तरंगून राहिलं होतं, अन् पोरगी गुडघाभर पाण्यात उभी. ओरडली असती तं बरं वाटलं असतं मले. तिनं फक्त विचारलं, 'बाबा, तुम्हाले माहीत होतं?' मी म्हटलं, हाव. तेव्हापासून या जिन्यावर तिचा पाय नाही. दिवाळीले जावई एकटा येते, तुम्ही बसले त्याच खुर्चीच्या काठावर बसते, अर्धा चहा ठेवून उठते. मी विचारतो, ती कशी आहे? बरी आहे म्हणते. लई वाईट वाटते हो, पियूषभाऊ. लई.

घड्याळ काय पाहून राहिले? झालं तुमचं काम, बोलता बोलता हात चालूच होता माहा. हा घ्या. उत्तर आहे तिथंच आहे. नाला निळ्या शाईनं काढला, जेवढा रुंद आहे तेवढाच, स्केलात. डोळे काहून वटारता? चौकट पाहिजे होती ना, तीही काढली. रिकामी जागा शोधावी लागली पण — कागदाच्या वरच्या कोपऱ्यात हात जोडलेला तुमचा फोटो होता, त्याच्यावर ठेवली. चला, उठा आता. अन् कोणाले माह्यं नाव सांगू नका.