पायलच्या कॉलेजची सुपारी

न्हाय, तुमीच सांगा, कॉलेज बगायला जाताना कुनी अडकित्ता घिऊन जातंय का? अं? आमच्या घरातनं गेला! आमचे वडील, आबासाहेब, चंचीत सुपारी, कात, चुना आन अडकित्ता... सगळं घिऊन! बसा की, बसा, मंद्रूपची गाडी काय लगेच येत न्हाय, सांगतो सगळं. म्हंजे बगा, पोरगी माजी, पायल, बारावी सायन्सला चांगले मार्क पाडले तिनं, कॉलेजला ती जानार, पळापळ मी करनार, आन पसंत करायला म्होरं कोन? आबा! मला कोन इचारतंय?

आता आबांचं कसंय, आक्ख्या दक्षिण तालुक्यात त्यांनी सोयरिकी जुळवल्यात. आबांनी एक डाव मान हलवली की मांडव पडलाच म्हनून समजा. त्यामुळं घरातनं कोन बी नीटनेटकं होऊन निगालं की आबांना वाटतंय, स्थळ बगायला निगालं. मी म्हनलं, "आबा, ते कॉलेज हाय, नवरदेव न्हवं." तर मलाच, "युवराज, तुला काय कळतंय? तीन वरसं पोरगी नांदनार हाय तितं. घरानं बगाय नको?"

शेजारच्या सोमलिंगची जीप केली. झाले आबांचे नियम सुरू. उपाशी जायाचं न्हाय, म्होरल्याच्या फराळाला भुलतंय मानूस. म्हनून सकाळी सकाळी कडक भाकरी आन शेंगाची चटनी हानून निगायचं. सम आकड्यानं जायाचं न्हाय. मंग मी, माजी मंडळी शालन, पायल आन आबा, चौगंच झाले की! पाचवा म्हनून ड्रायवर सोमलिंग बी आमच्यासंगं पार सायबाच्या केबिनपतोर. त्याला वाटलं त्याची बी अ‍ॅडमिशन करत्यात का काय.

पयलं कॉलेज हायवेवरचं. बाबाबाबा... म्होरनं सगळी काच, दारात कारंजं, वॉचमन सलाम ठोकतोय. पन आबा आत जातील का? न्हाय. आदी म्होरल्या पानपट्टीवर. "काय वो, ह्ये घरानं कसं काय?"

पानपट्टीवाला म्हनतोय, "कुटलं घरानं?"

"ह्ये म्होरलं."

"काका, ते कॉलेज हाय."

"ठावं हाय मला. पोरीस्नी नीट वागिवत्यात का? भांडनं-बिंडनं?"

मी आपला कारंजं बगत हुबा ऱ्हायलो. मला कोन इचारतंय?

आत गेलो तर थंडगार एसी, टायवाले डायरेक्टर. आबांचं धोतर-फेटा बगून गडी उटलाच, पाया पडला. "या या आबासाहेब! आमच्याकडे स्मार्ट क्लासरूम आहेत, वायफाय कॅम्पस आहे, प्लेसमेंट सेल आहे..." आबांनी शांतपनं ऐकून घितलं, म्हनले, "पान्याचं कसं?" डायरेक्टर म्हनतोय, "आरओ प्लँट आहे." "त्ये न्हवं वो. उनाळ्यात बोअर किती येळ चालतंय?" आता त्या टायवाल्याला काय ठावं? त्यानं बेल दाबली, शिपाई आला, शिपायानं सांगितलं, "मार्चात आटतंय." आबा खूश! म्हनले, मानूस खरं बोलतंय.

ह्या गडबडीत पायल कुटं? पायल केबिनमदी न्हवतीच. ती गेलेली पोरींच्या नळापाशी. दोन शिकनाऱ्या पोरींस्नी गाठलं, बोलली, जिन्यावरनं वर जाऊन आली, आन हळूच माज्या कानाला लागली. "पप्पा, लॅबला कुलूप आहे. काचेतून बघितलं मी, सामान अजून खोक्यातच आहे. त्या पोरी म्हणतात, प्रॅक्टिकल फळ्यावर काढून दाखवतात." तिला केमिस्ट्री करायची हाय, समजलं न्हवं का? फळ्यावर कसली केमिस्ट्री? चित्रातल्या चुलीवर भात शिजतोय व्हय? मी आबांना खुनवायला वळलो... तवर कट्! अडकित्ता!

आबांनी चंची सोडली, सुपारी काढली, कातरली, निम्मी आपल्या तोंडात, निम्मी डायरेक्टरच्या हातावर. त्या बिचाऱ्यानं मान राखायला घातली तोंडात. शालननं माज्या बरगडीत असा कोपर हानला! "अवो, सुपारी फुटली की!"

आता तुमी शेरातली मानसं, तुमाला सांगतो. आमच्यात दोनी पार्ट्यांनी साक्षीदारासमोर सुपारी फोडून खाल्ली की सोयरीक पक्की. शब्द गेला. मागं सरायचं न्हाय. आबांनी तर आयुष्यात कदी फुटलेली सुपारी मागं घितली न्हाय. आन साक्षीदार कोन? सोमलिंग!

भाईर आल्यावर पायल म्हनली, "आबा, शहरातलं दुसरं कॉलेज पण बघायचंय." जीप नेली तितं, पन आबा जीपमदनं उतरलेच न्हाईत. "एका ठिकानी ठरल्यावर दुसऱ्याच्या दारात जात नसत्यात. लोक शेन घालतील तोंडात." मंग पायलनंच माजा हात धरला आन मला वढत नेलं आत.

काय सांगू... जुनी दगडी बिल्डिंग, रंग गेलेला, बाकड्यावर नावं कोरलेली, कारंजं तर लांबच, नळ बी गळका. मी मनात म्हनलं, झालं. पन लॅब उगडी! आत पोरं-पोरी पांढरे कोट घालून, कुनी वततंय, कुनी मोजतंय. एक सर बाह्या वर करून हुबे. म्हनले, "काय गं, कुठून आलीस? मंद्रूप? ये इकडे, हे धर. एकेक थेंब सोड आणि रंगावर लक्ष ठेव." पायल आपली थेंब सोडतीया, थेंब सोडतीया, काय बी न्हाय, काय बी न्हाय... आन एका थेंबाला समदं पानी गुलाबी! लेकीचं तोंड बगाय पायजे हुतं तुमी. ल्हान हुती तवा जत्रंत पाळना पयल्यांदा वर गेला हुता ना, तसं. माजा जीव हलला वो तितंच. मला केमिस्ट्रीतलं ओ की ठो कळत न्हाय, पन पोरीचं तोंड कळतंय.

पन घरी कोन इचारतंय मला? दुसऱ्या दिवशी अ‍ॅडमिशनची शेवटची तारीख. आबा पारावर बसावं तसं सोप्यात बसून, "शब्द गेलाय. सुपारी फुटलीय." मी म्हनलं, "आबा, लॅबला कुलूप हाय." "उगडतील." "सामान खोक्यात हाय." "नव्या संसाराला येळ लागतोय." सांगा आता! पायल भांडली न्हाय. ताट सारलं आन आत जाऊन बसली. भांडली असती तर बरं हुतं.

तवर आतनं आमची आई, बजाबाई, भाकरी थापता थापता उटली. पिठाचे हात तसेच. आबांम्होरं हुबी. म्हनली, "माजी सुपारी फुटली तवा मी सातवी पास झाल्ते. ह्योच अडकित्ता. तुमच्या बानं फोडली, माज्या बानं खाल्ली. मला आटवीला जायाचं हुतं. इचारलं कुनी? नांदले मी, चांगली नांदले, तकरार न्हाय माजी. पन इचारलं न्हाय ते न्हायच इचारलं." आन गेली परत चुलीपाशी, भाकरी करपत हुती.

म्हंजे मी एक दिस 'मला कोन इचारतंय' म्हनत बोंबलतोय, आन म्हातारी पन्नास वरसं गप! आबा रातभर कुशी बदलत हुते. सकाळी बगतोय तर फेटा बांधून तयार. "युवराज, चल. सोयरीक मोडायची असंल तर सोता दारात जाऊन मोडायची असती. निरोपानं मोडू नये."

गेलो. आबा टायवाल्याम्होरं हात जोडून हुबे, डोळ्यात पानी. "सायेब, चूक माजी. पोरीला पसंत न्हाय. दिलेली सुपारी मागं घेतो." डायरेक्टर म्हनतोय, "कुठली सुपारी?" आबा म्हनले, "काल तुमी खाल्ली ती." "अच्छा, ती! अहो काका, मला सुपारीनं ठसका लागतो. तुम्ही वळलात तशी कुंडीत टाकली मी!"

आबांचं तोंड असं लालभडक... "आमची सुपारी? कुंडीत?" झाला म्हातारा मागं वळून चालू. भाईर येऊन पानपट्टीवाल्याला वरडून सांगितलं, "घरानं बरं न्हाय वो!" आन जीपमदी बसून सोमलिंगला म्हनले, "घे दगडी कॉलेजाकडं. बिगी बिगी. तारीख जाईल."

झाली अ‍ॅडमिशन. आता म्हनाल, सुटलास की युवराज! कुटलं सुटतोय? पोरगीनं ते कॉलेज पार पिळून घ्यायचं ठरवलंय. पयल्या गाडीनं जाती, शेवटच्या गाडीनं येती. लायब्ररीत हाय, वक्तृत्वात हाय, एनएसएसमदी झाडं लावतीया. आक्ख्या गावच्या हिरींचं पानी बाटल्यांत भरून नेलं तपासायला. आबांच्या लाडक्या हिरीचं पानी जड निगालं, तर आबा पायलशी दोन दिस बोलत न्हवते. आन आई? आई एकदा तिच्यासंगं लॅब बगून आली, गुलाबी पानी बगितलं, आन घरी येऊन म्हनली, सतरा नंबरचा फॉर्म भरा माजा, भाईरनं दहावी करते. शालन म्हनली, माजी बी दहावी ऱ्हायलीया, मी बी बसते.

आता सांजच्याला तिघी दिव्याखाली अभ्यासाला, पायल मास्तरीन, आन चुलीपाशी आमी दोगं बापलेक. परवा माजी पयली भाकरी तव्यावरनं उतरली. आबांनी हिकडनं बगितली, तिकडनं बगितली, म्हनले, "युवराज, ह्ये काय हाय?"

म्हनलं, "भाकरी हाय, आबा. पयलं वरीस हाय माजं, घ्या सांभाळून."