हिरव्या बुटांची पाहुणी

हॅलो? … नोगा? थांब जरा, मी जिन्यात येते… हं, बोल. नाही, घरात नाही बोलता येत. असला इंटरनेटचा फोन फिशेलमामाच्या घरात चालत नाही, काढला की बायका डोळे वटारतात. माझे आबा गेल्याचं दुःख एकीकडे, त्यात आणि ही कटकट कशाला.

कुठवर आलीस? … अगं ऐक ना, परवा सांगितलं तेच पुन्हा सांगते. मेआ शेआरीम म्हणजे कर्मठ ज्यूंची वस्ती, तोंडाशीच अंगभर कपड्यांची मोठी पाटी आहे, ती यायच्या आधीच बाह्यांची बटणं लाव. मनगटापर्यंत. गळ्याचं वरचंही… हो, उकडतं. मलाही उकडतंय. स्कर्ट बसल्यावर गुडघे झाकतो ना? आणि मोजे जाड, आरपार दिसणारे नकोत. गल्लीत फोटो काढू नकोस, पोरांचे तर अजिबात नको. रस्ता विचारायचा तर बाईला विचार, बाबागाडी ढकलणारी एखादी भेटतेच. समोरून पुरुष आला तर तूच बाजूला हो. आणि हात मिळवायला मामापुढे हात करू नकोस. तो घेणार नाही, मग तुम्ही दोघंही अवघडाल…

ऐकतेयस ना, नोगा?

मागे कसला आवाज येतोय? … बस स्टँड? म्हणजे आत्ताच उतरलीस? … चढतेयस? कुठल्या बसमध्ये?

हैफाच्या. म्हणजे परत घरी.

अगं, पण तू अजून आलीच नाहीस. उद्या सकाळची प्रार्थना झाली की आमचे सुतकाचे दिवस संपले, आम्ही उठलो. मग कुणाला भेटायला येशील?

काय म्हणालीस? … काल? काल आली होतीस? इथे, वर?

मला कुणी सांगितलं नाही. मी आतल्या खोलीत होते, बायकांत… हळू बोल. एकेक सांग.

हं… दार उघडंच होतं. हो, या दिवसांत उघडंच ठेवतात… ठेंगण्या स्टुलावर, सुतकाच्या रीतीप्रमाणे कोट फाडलेला. तोच मामा. … तू काय म्हणालीस? … शालोम. मग? … कुणीच उत्तर दिलं नाही? … पुन्हा म्हणालीस. मोठ्याने.

नोगा, अगं…

नाही, कपड्यांमुळे नाही. … हो, माहीत आहे, मी सांगितलेलं सगळं घातलं होतंस. मोजेसुद्धा. … मी हे घर, ही रीत सोडून गेले म्हणूनही नाही. ऐकशील का? सुतकाच्या घरी शालोम, नमस्कार असलं काही म्हणायचं नसतं. येणाऱ्याने म्हणायचं नाही, घरच्यांनी उत्तर द्यायचं नाही. नुसतं यायचं, बसायचं, आणि घरचं माणूस बोललं की आपण बोलायचं. ते तुझ्या बसण्याची वाट बघत होते गं. आणि तू जिना उतरून गेलीस.

मी सांगायला हवं होतं. बटणं सांगत बसले.

पायात काय होतं तुझ्या? … हिरवे? कधी घेतलेस? … काही नाही. काल जेवताना मामा म्हणाला, कुणी हिरव्या बुटांची पाहुणी आली, दोनदा शालोम म्हणाली आणि गेली. गितेलमामी म्हणाली, पत्ता चुकली असेल. मीही मान हलवली. … चेहरा कसा बघेल तो? परक्या बाईसमोर खालीच बघतो. बूट मात्र नीट बघितलेत.

त्या बसमध्ये बसू नकोस. … मग मागच्यांना पुढे जाऊ दे ना.

काय उपयोग म्हणजे? हे दिवस असतात कशाला? गेलेल्या माणसाबद्दल बोलायला. मी रोज ऐकतेय, आबांची विद्या, आबांची शिस्त. सगळं खरं आहे. पण ऐकताना वाटतं, हे आणखी कुणाचे तरी वडील होते. शुक्रवारचे आबा फक्त तुझ्याकडे आहेत. … नाही, मी नाही सांगितलं कुणाला. फोन तुला यायचे, मी कोण सांगणारी?

थांब. मामा आलाय जिन्यात. ठेवू नकोस हं.

… नोगा आहे, फिशेल. माझी लेक. काल तीच आली होती. … ती रडतेय, म्हणून या फोनवर बोलतेय. … शुक्रवार म्हणजे… आबा तिला फोन करायचे. दर शुक्रवारी, दुपारी. … मी कशाला खोटं सांगू?

नोगा, आहेस ना? मामा खाली बसला, पायरीवरच. … नाही, चिडला नाही. काय म्हणतोय ऐकू दे… म्हणतोय, शुक्रवारी दुपारी आबा पवित्र स्नानाला स्नानकुंडावर जातो म्हणून निघायचे. उशिरा परतायचे, आणि दाढी कोरडी. आजीने विचारलं तर म्हणायचे, उन्हात वाळली. … हो, हिवाळ्यातसुद्धा.

हसतोय. की रडतोय, कळत नाही. तोंड बाहीत खुपसलंय.

विचारतोय, काय बोलायचे आबा तुझ्याशी? … मला नको सांगूस. मी निरोप पोचवणार नाही. इथे ये आणि त्याला सांग. … नाही, तो शालोम म्हणणार नाही. तूही म्हणू नकोस. आत ये, बायकांच्या खोलीच्या दाराशी खुर्ची असते, तीवर बस. तो आबांचं नाव काढेल, मग तू बोल. … खालीच बघेल. बघू दे. कान तर तुझ्याकडे असतील.

काय? … कुठलं दार, बसचं? तू आत आहेस की बाहेर? … नोगा?

बाहेर.

… बरं. … बरं. ये मग.

फिशेल, ऊठ. आत जाऊन बस. ती येईल तेव्हा तू जागेवर हवास.