सबाची माणसं

येमेनच्या राजधानीत, सनामध्ये, पासपोर्टच्या रांगेत तकिया उभी होती. पुढे हाजी मुसइद आणि त्यांचे शेजारी हमूद, दोघांचंही तोंड क्षणभर मिटत नव्हतं.

"थोरल्याचं डेट्रॉइटला दुकान आहे, हमूद. नाव ठेवलंय सबा."

"आणि धाकट्याचं?"

"जिबूतीत खाणावळ. तीही सबाच."

"पोरांनी आपल्या जुन्या राज्याचं नाव राखलं म्हणायचं!"

"राखतायत कसले! सबाची राणी आमची आत्याच, असं गिऱ्हाइकांना बेधडक सांगतात."

"आणि मारिबचं धरण?"

"ते उंदरानं पोखरलं आणि राज्य बुडालं, हे मात्र सांगताना गाळतात. एवढे मोठे आम्ही, पण एक मांजर पाळता आलं नाही!"

"तुमच्या इथल्या दुकानाला काय नाव दिलंत?"

"न्यूयॉर्क स्टोअर."

"अहो हाजी!"

"काय करणार? सबा लिहिलं की लोक म्हणतात, माल गावठी असेल."

तकियानं ओढणी तोंडावर घट्ट धरली, तरी खांदे हलायचे ते हललेच.

"मग आज पासपोर्ट कुणाचा?"

"माझाच. थोरला म्हणतो, बाबा, गल्ल्यावर येऊन बसा. गिऱ्हाइकांना सबाचा अस्सल माणूस दाखवायचाय."

"आणि इथलं दुकान कोण बघणार?"

"उंदीर आहेत की."