पाकिटात पाकीट

हॅलो? … हॅलो, कोण… कुंदा! अगं, बोल. थांब, रेडिओ बारीक करतो… हं. बोल.

नाही. ते पत्र अजून नाही सापडलं.

हो, हो… अगं ऐक ना. चार दिवस तेच करतोय. इथे मुलुंडला बसून दुसरं काम काय आहे मला?

अगं, शोधलं की कॉम्प्युटर म्हणतो, काही नाही. चंद्रप्रकाशरावांचं नाव टाकलं, काही नाही. तुझं टाकलं, काही नाही. … नाही, बिघडलेला नाही. तुझ्या मिहिरला कशाला त्रास? दमून येतो बिचारा.

समजावू? … नीट सांगता येईल की नाही, बघ हं. पवईला लायब्ररीत होतो तेव्हा मी तो ईमेलचा पुस्तककट्टा चालवायचो ना, दोनशे माणसांचा. रोज आठ-दहा पत्रं यायची. तेव्हा नेट फोनच्या वायरीवरून. एकेक पत्र उतरवताना लोक कंटाळायचे. म्हणून मी शक्कल काढली, दिवसभराची पत्रं एकाच मेलला जोडायची आणि सकाळी ती एकच मेल पाठवायची. म्हणजे मोठ्या पाकिटात छोटी पाकिटं. … हो, तेव्हा सगळ्यांनी वाहवा केली. आता शोधायला गेलं की कॉम्प्युटर फक्त बाहेरचं पाकीट वाचतो. बाहेर काय, तर 'कट्टा, आजची पत्रं'. अकरा वर्षं, रोज तेच.

हस. हस तू. मीच करून ठेवलंय.

मग एक प्रोग्राम मिळाला. तो पाकीट फोडतो, आतलं पत्र वाचतो आणि कुठला शब्द कुठे आलाय त्याची सूची करतो. पुस्तकाच्या शेवटी असते ना, तशी. काल सकाळी लावला, आज नऊला संपला. एकतीस हजार पत्रं! … अगं, काय काय निघालं त्यात. भांडुपचे धोंडिराम गावडे आठवतात? गिरणी बंद झाल्यावर वाचायला लागले ते? मुलाच्या ऑफिसात जाऊन टाइप करायचे, इंग्रजी अक्षरांत मराठी… तेच! दर पत्राच्या शेवटी 'चूकभूल द्यावी घ्यावी'. आणि रत्नप्रभाबाई, एका कादंबरीवरून तीन आठवडे भांडल्यात. सकाळपासून चहासुद्धा घेतला नाही मी. कोण गेलं, कोण आहे, काही कळत नाही गं. तिथे सगळे बोलतायत.

हो. … हो, कुंदा. विषय नाही बदलत.

रविवारी चंद्रप्रकाशरावांचं वर्षश्राद्ध आहे, माहीत आहे मला.

… काय म्हणाले होते ते? पुन्हा सांग. … 'दादांच्या कट्ट्यावर एकदा तुझ्याबद्दल लिहिलं होतं.' बस, एवढंच? … पत्राचं पुढे काय झालं, ते नाही सांगितलं?

नाही… सहज विचारलं.

कुंदा, ते पत्र त्या एकतीस हजारांत नाही. … शोधलं म्हणून नव्हे. मला आधीपासूनच माहीत होतं. चार दिवस काय करत होतो कोण जाणे. वाटलं, माझीच आठवण खोटी निघेल.

ऐकतेस ना? … कट्ट्यावर जायचं प्रत्येक पत्र आधी माझ्याकडे यायचं, मंजुरीला. त्यांचंही आलं. मी ते परत पाठवलं.

… हॅलो?

… हो. मी. … कारण? पुस्तकांबद्दल नव्हतं, घरगुती होतं. … नाही, हे खरं नाही. आदल्याच आठवड्यात मी रत्नप्रभाबाईंचं एक पत्र परत केलं होतं. आणि आता स्वतःच्या बहिणीच्या नवऱ्याचं घेतलं, तर लोक काय म्हणतील. … एवढंच. … हो, मूर्खपणा. … दोन ओळी लिहिल्या, 'आपले पत्र गटाच्या विषयाशी सुसंगत नाही.' 'आपले' लिहिलं गं मी. घरच्या माणसाला.

त्यानंतर वीस-बावीस भाऊबिजा जेवलो तुझ्याकडे. त्यांनी कधी विषय काढला नाही. मीही नाही. फक्त श्रीखंड वाढताना म्हणायचे, 'दादा, मंजूर?' … हो, तुला वाटायचं ऑफिसची सवय. मला कळायचं.

… काय? … नाही, डिलीट कशाला करीन? मी काही फेकत नाही, तुला माहीत आहे. पण ते माझ्याकडे कुठून असणार, परत केल्याव… थांब. थांब, थांब.

अगं, मंजुरीची मेल यायची. 'एक पत्र आपल्या मंजुरीची वाट पाहत आहे.' आणि मूळ पत्र तिलाच जोडलेलं असायचं. आत! … परत केलेल्यांच्या त्या मेलचा वेगळा फोल्डर आहे, तो मी सूचीत घातलाच नाही. … लाज वाटली म्हणून, दुसरं काय. … घालतो, आत्ता घालतो. ठेवू नकोस हं.

… चालू आहे. … फार नाहीत, सातशेच्या आसपास. … शिट्टी तुझ्याकडे झाली का? मग गॅस बंद करून ये… … आलीस? संपलं. काय टाकू? … त्यांचंच नाव टाकतो.

एक.

… आहे गं. चौदा नोव्हेंबर दोन हजार एक. … वाचू? … बरं.

'नमस्कार. मी पुस्तके वाचत नाही. माझी बायको वाचते. लग्नानंतर आम्ही वर्सोव्याहून तरीने मढला जायचो, तेव्हाही तिच्या हातात पुस्तक असायचे. पाणी उडाले की ती पानात बोट ठेवून पुस्तक मिटायची, आणि मग तिथूनच पुढे. मला ते बघायला आवडायचे. माझ्या आईच्या आजारपणापासून तिने पुस्तक उघडलेले नाही. दोन वर्षे झाली. डिसेंबरात तिचा वाढदिवस आहे. कोणते पुस्तक दिले तर ती परत वाचू लागेल? मला यातले कळत नाही. तिला कळू नये ही विनंती.'

… संपलं. खाली नाव आणि ऑफिसचं एक्स्टेंशन.

… कुंदा? … रडतेस की हसतेस? … काय दिलं मग त्या वाढदिवसाला? … मिक्सर! … आणि तू दोन दिवस बोलली नाहीस. … अगं, पुस्तक त्यांना कुणी सांगितलंच नाही ना. मी नाही सांगितलं. अकरा वर्षांत यापेक्षा विषयाला धरून पत्र आलं नसेल कट्ट्यावर.

… मी? मी काय सुचवलं असतं? … तेव्हा? काहीतरी जाडजूड. विद्वान दिसावं म्हणून. … आज म्हणालो असतो, पुस्तक राहू द्या, आधी तिला तरीने फिरवून आणा. … तेही चूकच असेल म्हणा.

… माफ कर असं नाही म्हणत… म्हणजे, तेच म्हणायचं होतं, पण… … बरं. नाही बोलत.

… रविवारी? सगळ्यांसमोर? मग तू वाच ना. नाहीतर मिहिर, त्याचा आवाज चांगला… … मी? तीस माणसं असतील गं. निरोपसमारंभाला दोन ओळी वाचून खाली बसलो होतो मी… … आणि परत पाठवलं होतं, तेही सांगायचं? सगळ्यांना?

…

… हो. … तसं बघितलं तर, हो. मीच अडवलं, मीच पोचवायला हवं.

किती वाजता? … साडेदहा. … छापून आणतो, मोठ्या अक्षरांत. … अगं, येतो म्हटलं ना. … नक्की. … आता ठेव फोन. आणखी दोन मिनिटं बोललीस तर मी नाही म्हणेन. … नको, थांब, मीच ठेवतो.