वाचन उत्तम

नाय, नाय बाई, तुमी खोटं बोलता असं कुठं म्हणते मी — बसा, पंख्याखाली बसा. पाचवीत येऊन भाविकाला एक ओळ धड वाचता येत नाय, हे सांगायला तुमी नवीन बाई आमच्या घिवलीत घरापर्यंत आलात, उपकारच हायत. पण मला ठावं हाय ते. कधीपासून? गेल्या महिन्यापासून. अणुभट्टीचा भोंगा वाजला की काय करायचं, तो सरावाचा कागद घरोघर वाटला ना — मी म्हटलं, वाच गं भाविका. तिनं ओळीखाली बोट धरून घडाघडा वाचलं — काय वाचलं? पोपटाचा धडा! कागदावर बंद दारं-खिडक्यांचं चित्र, आणि ही पोपटाला पेरू चारतेय. मी अडाणी, पण तेवढं कळतं मला. रोज संध्याकाळी गजरे ओवताना हाच धडा ऐकायचे मी, पोर वाचते म्हणून ऊर भरून यायचा.

केसानं गळा कापला हो हेमांगीबाईंनी. चार वर्षं त्याच तिच्या वर्गावर — याच खुर्चीत बसून माझ्या हातची भाकरी खाल्ली, आणि दर प्रगतिपुस्तकात शेरा काय, तर 'वाचन उत्तम'. आता बदली होऊन उमरोळीला गेल्या. गेले ना मी तिथं, विचारायला. तर म्हणतात, "तुम्हीच सांगितलं होतंत." मी? — हो, सांगितलेलं. पण एका वर्षासाठी, बाई, पयलीच्या! भाविकाचे बाबा म्हणालेले, पोरीला डोकं नसंल तर शाळा कशाला, येऊ दे वाडीत कळ्या खुडायला. मी घाबरले. म्हटलं, यंदा चांगलं लिहा, पुढच्या वर्षी शिकवून भरून काढा. मान डोलावली त्यांनी. लिहिणं तेवढं लक्षात ठेवलं, शिकवणं राहून गेलं. दुसरीत मी विचारायला पायजे होतं, नाय का? नाय विचारलं. भाविकाचे बाबा तो शेरा मोठ्यानं वाचून दाखवायचे, पोरीला कधी समोर बसवून वाचायला नाय लावलं. घरात सगळे खूश. मग मी कशाला विचारतेय.

आणि भाविका काय म्हणाली, सांगू? "बाई बोलल्या, आईला नको सांगू, तिला वाईट वाटंल." म्हणजे ती पोर रोज संध्याकाळी माझ्यासाठी वाचत होती. मला बरं वाटावं म्हणून. त्या दिवसापासून तिच्याकडे नीट बघवत नाय मला.

शाळा सुटल्यावर अर्धा तास बसवाल तिला? मी सोवता सोडीन, सोवता न्यायला येईन, तुमी सांगाल ते करीन — थांबा. गाडी वाजली. हेच आले. ते प्रगतिपुस्तक पिशवीत घाला आधी, घाला. तुमी अजून शेरा लिहिला नाय ना त्यात? मग ऐका — यंदाच्या वर्षी फक्त, बाई. तेच लिहा, उत्तम. एकच वर्ष. हे चिकू न्या, आणि मागच्या दारानं जा.