आक्काच्या जागी मी फुंकलं

आमी दोघी जुळ्या. केंदूरला, आमच्या वस्तीत, आईच्या पोटातनं कुसुम आधी आली आन् अर्ध्या तासानं मी, सुमन. आईनं आक्काच्या पायात काळा दोरा बांधला, वळखायला, आन् तो दोरा सुटला की घरात गोंधळ, एकीच्या तोंडात दोनदा घुटी जायची आन् दुसरी कोरडी. म्हंजी मी खरी सुमनच हाय का कुसुम, ह्ये मला तरी काय ठावं. हसू नका ताई, लिवा. तर अर्ध्या तासानं मोठी, तरी मी तिला जलमभर आक्काच म्हणत आले, आन् तीबी मोठेपणा असा गाजवायची की जणू मला हिनंच वाढीवली.

शाळा आमाला नावालाच. ज्वारी हुरड्यात आली की पाखरं राखायला जायचो, शेतातल्या लाकडी माळ्यावर उभं राहून आरोळी ठोकायची, ती ह्या बांधाला, मी त्या बांधाला, आन् आमचा आवाज पार ओढ्याच्या पल्याड जायचा. कोण वरडली ते सख्ख्या बापालाबी कळायचं न्हाई. दम म्हणाल तर दोघींचा सारखा, आवाज सारखा, पळणं सारखं. आक्का दुसरी-तिसरीपातूर गेली, तिला सही यायची. मला न्हाई आली.

कासुर्डीची माणसं बघायला आली तवा आमी दोघींनी मिळून चहा नेला. ती माणसं हिच्याकडं बघत्यात, माझ्याकडं बघत्यात, पोराचा मामा म्हणला, पाव्हणं, ह्यातली कोंचीबी द्या, आमाला काय फरक पडत न्हाई. बा म्हणला, थोरली आधी. म्हणून आक्का कासुर्डीला गेली, तिकडं दौंड तालुक्यात, आन् मला वरसानं केंदुरातच दिली, माळावर, मोकळ्या हवेत. आमच्या घरचे रोजानं कांदा काढायला जायचे, मीबी जायचे, बस एवढंच माझं.

आक्काचं तसं न्हाई. तिचे मालक, आमचे दाजी, गुऱ्हाळावर जळव्या व्हते. म्हंजी बघा, उसाचा रस मोठ्या काहिलीत उकळत असतो, खाली चुलाण, त्यात उसाची वाळली चिपाडं सारायची, जाळ कमी-ज्यास्त करायचा, त्या माणसाला जळव्या म्हणत्यात. पाक उतरवायचा तो गुळव्या, त्याचं नाव व्हतं, पण जाळ चुकला की गुळव्याचं काय चालत न्हाई, गूळ काळा पडतो न्हाईतर बसतच न्हाई. दाजी तापाचं निमित्त हून पंधरा दिसात गेले. दोन पोरी पदरात. गुऱ्हाळाचा मालक म्हणला, बाई, तुमाला चिपाडं वाळवायचं काम देतो. आक्का म्हणली, मला चुलाणच द्या. मालक म्हणला, बाईमाणूस चुलाणाला कुणी बघितलंय का. ती म्हणली, आठ दिस बघा, गूळ बिघडला तर मी आपणहून जाते.

काय सांगू तुमाला, मी गेले व्हते तवा बघायला. गुळव्या मामा वर काहिलीपशी, ही खाली चुलाणाच्या तोंडाशी, दोघं एकमेकाला दिसतबी न्हाईत, आन् मामानं हाक मारायच्या आत ही जाळ कमी करायची. रस उकळायच्या आवाजावरनं तिला कळायचं. मामा मला म्हणला, तुझी बहीण नसंल तर मी काहिलीला हात लावत न्हाई. नव्वद सालाच्या फुडं-मागं चांगली धा वरसं तिनं त्ये केलं, पोरी शिकवल्या. मला एवढा अभिमान वाटायचा की केंदुरात कुणी गूळ घेतला तर मी म्हणायची, जाळ आमच्या आक्काचा असंल.

पण फुडं-फुडं चिपाडं पुरंनात. पावसात तर ती ओलीच. मालकानं गाडीनं जुनी टायरं आणली, रबरी चपलांचा चुरा आणला, म्हणला ह्ये घाला, जाळ लय धरतं. तिकडं तवा बऱ्याच ठिकाणी तसंच करायचे. काळा धूर, नाकातनं काजळी निघायची, आक्का पदर बांधून घालायची. म्हणायची, धा वरसं धूर खाल्लाय, आता काय व्हतंय, अंगवळणी पडलं. ह्येच चुकलं बघा. पन्नाशीला आली तशी तिची छाती भरायला लागली. शिट्टी वाजल्यावानी आवाज. यवतच्या डाक्टरनं सांगितलं, दमा हाय, तोंडात वढायचा पंप दिला, रोज सकाळ-संध्याकाळ घ्या म्हणला. आमाला वाटायचं दमा म्हंजी लहानपणापासनं असतो, न्हाईतर घराण्यात असतो. आमच्यात कुणालाच न्हाई. आन् पंपाची सवय लागती म्हणून ती लय झालं तरच घ्यायची, त्योबी लपून.

गुऱ्हाळ सुटलं. दौंडकडं एका कंपनीच्या कँटीनला तिला काम लागलं, ताटं वाढायचं, काँट्रॅक्टवर. धाकटी पोर नर्सिंगला व्हती. दोन-तीन वरसं झाली, आन् मंग कंपनीनं सांगितलं, कँटीनच्या चार बायांना परमनंट करायचंय, त्यात कुसुमबाई हायेत, पण मेडिकल पास पायजे. यंत्रात फुंकायचं असतं, छाती किती चालती ते कळतं. आक्का केंदूरला आली, चुलीपशी बसून म्हणली, सुमे, गेलं बघ हातातनं. पोरीचं शिक्षण अर्ध्यावर राहतंय.

आन् मी काय म्हणले, ताई? मी म्हणले, तुझ्या जागी मी जाते की. ती न्हाई म्हणली. दोन दिस न्हाईच म्हणत व्हती. ती कवा खोटं बोलली न्हाई, मीच बोलायची दोघींचं मिळून. मी म्हणले, फोटो काढला तरी तोच, तोंड तेच, कुणाचं काय जातंय. पोरीचं नाव काढलं तवा ती कबूल झाली. मंग आठ दिस तिनं मला तिची सही शिकवली, पाटीवर, गिरवून-गिरवून. माझ्या नावाची सही मला कवा आली न्हाई, बहिणीची आली. तिच्या उजव्या हातावर चुलाणाचा डाग व्हता, म्हणून मी लांब बाह्यांचं पोलकं घातलं, तिचं कार्ड गळ्यात अडकीवलं आन् गेले. कंपनीच्या डाक्टरनं नळी दिली, म्हणला जोरात फुंका. मी पाखरं हाकलायचे तशी फुंकले. डाक्टर यंत्राकडं बघतच राहिला, म्हणला, बाई, ह्या वयात एवढा दम, काय खाता तरी काय. मला काय फुगायला झालं तवा. घरी येऊन आक्काला नक्कल करून दाखवली, दोघी हसून-हसून लोळलो.

परमनंट झाली. पण त्या कागदानंच घात केला. छाती चांगली म्हणून तिला वाढपातनं काढलं आन् भट्टीवर घातलं, मिरच्या भाजायला, मोठ्या कढईला फोडण्या घालायला. ती कुणाला सांगणार, मला दमा हाय म्हणून? तीन म्हयने तिनं काढलं. मला सांगितलं सुदीक न्हाई, मला वाईट वाटंल म्हणून.

एका दुपारी, जेवणाच्या सुट्टीच्या आधी, ती भट्टीपशी खाली बसली ती उठलीच न्हाई. कंपनीच्या डाक्टरनं फाईल बघितली, फाईलीत छाती एक नंबर, त्याला वाटलं हार्टचं असंल, इंजेक्शन देऊन दौंडला मोठ्या दवाखान्यात पाठीवलं. मी तवा कासुर्डीलाच व्हते, तिच्या घरी. किराणावाल्याच्या फोनवर निरोप आला, तशी वडापच्या जीपनं पळाले. दवाखान्यात शिरले तर कँटीनच्या बाया माझ्याकडं बघून भितीला चिकटल्या, एकजण म्हणली, अगं बया, ही तर आत हाय. तिथला डाक्टर हार्टच्या कागदी पट्ट्या बघत व्हता, विचारत व्हता, बाई, दमा हाय का, आन् आक्का, ओठ निळे पडल्यालं, मान हलवून न्हाई म्हणती. मला बघितलं. बोलता येईना, तर हात वर केला, बोलू नको म्हणून. नोकरी जायची ना.

तो हात मी अजून इसरले न्हाई. मी त्यो खाली दाबला आन् डाक्टरला म्हणले, साहेब, दमा हाय हिला, चार वरसं झाली, फाईलीत लिवलंय त्यो दम माझा हाय, हिचा न्हाई. त्यांनी एक डाव माझ्याकडं बघितलं, एक डाव तिच्याकडं, आन् औषधाच्या वाफेचा मुखवटा लावला, सुई दिली. हळूहळू तिच्या ओठांचा रंग फिरला. मी भाईर येऊन पायरीवर बसून रडले.

बरी झाल्यावर आठ दिस ती माझ्याशी बोलली न्हाई. नवव्या दिशी म्हणली, चल. कुठं, तर कंपनीत. तिथं कंपनीचा डाक्टर आन् एक साहेब बसल्यालं. आक्का सरळ म्हणली, मेडिकलला माझी बहीण आली व्हती, मीच पाठीवली, ती अडाणी, तिला काय ठावं न्हाई. मी म्हणले, खोटं बोलती, डोकं माझं व्हतं. जलमात पैल्यांदा आक्का तोंडानं खोटं बोलली, त्येबी माझ्यासाठी. आन् साहेबांनी तोंड उघडायच्या आधी तिनं पिशवीतनं परमनंटचा कागद काढून टेबलावर ठेवला. म्हणली, ह्यो माझा न्हाई. आक्का माझी बहीण म्हणून सांगत न्हाई ताई, पण अशी छाती मी बाईतच काय, गड्यातबी बघितली न्हाई.

डाक्टर चिडला न्हाई. त्यानं दोघींना फुंकाय लावलं, आधी मला, मंग तिला, आन् दोन्ही आकडे शेजारी-शेजारी लिवले. मी इचारलं, साहेब, आमी एका रक्ताच्या, मंग हिलाच कसं? तो म्हणला, जल्मताना तुमाला आईबापाकडनं मिळालं ते एकच, पण माणूस जसा जगतो तशा त्याच्या अंगातल्या काही गोष्टी चालू व्हत्यात, काही बंद पडत्यात. धुरानं व्हतं, काजळीनं व्हतं, नुसत्या वयानंबी व्हतं. तुमी दोघी वय वाढंल तशा आतनं येगळ्या व्हत गेला. म्हणला, ह्याचा अजून शोध चालू हाय, मलाबी सगळं ठावं न्हाई. मी म्हणले, आन् मला कासुर्डीला दिली असती तर? तो म्हणला, तर बहुतेक तुमची छाती अशी झाली असती. मला एकदम भडभडून आलं. तर ही बया मलाच म्हणती, रडती कशाला, तुला दिली असती तर गूळ जाळून टाकला असतास.

परमनंट काय परत मिळालं न्हाई. खोटं ते खोटं, साहेबाचंबी बरोबर हाय. पण काँट्रॅक्टवर ठेवली, मागच्या मोकळ्या पडवीत भाजी निवडायला. धाकटी पोर नर्स झाली, थोडी उशिरानं झाली पण झाली, आन् आता आईवर वरडती पंप घेतला का म्हणून. आक्का पंप सकाळ-संध्याकाळ घेती, सगळ्यांदेखत, विहारात बसली असंल तरी. सुट्टीच्या दिशी कासुर्डी-भांडगावच्या गुऱ्हाळांवर जाती, जळव्यांना सांगती, पंपाची सवय बिवय काय लागत न्हाई, छाती वाजली की डाक्टर गाठा, आन् मालकाच्या तोंडावर म्हणती, टायरं जाळू नका. एक-दोघांनी हाकलली. ती परत जाती. जुना गुळव्या मामा थकलाय आता, तो मातूर तिला खाट टाकून बसवतो.

आन् माझं म्हणाल तर औंदा मला चढावर दम लागाय लागला. चुलीपशी बसलं की छातीत कुईकुई. मी म्हणले वय झालं, सांगायचं कशाला, तिला अजून घोर. दिवाळीला ती केंदूरला आली. मी दारात हसून उभी, जयभीम आक्का म्हणले, काय बी दाखवलं न्हाई. तिनं पिशवी खाली ठेवली, माझ्याकडं बघितलं आन् म्हणली, सुमे, कवापासनं? मी म्हणले, काय कवापासनं. ती म्हणली, असं खांदं वर करून दम घेत मी चार वरसं लपीवलंय, तू मला शिकवू नको. दुसऱ्याच दिशी शिरूरला डाक्टरकडं घेऊन गेली. आत जाताना माझ्या हाताला धरून म्हणली, ह्या येळेला फुंकायचं ते तुझंच. कमीच भरलं. मला शरम वाटली, तर म्हणली, शरम कसली, खरं हाय ते भरलं. आता मी रोज पंप घेते, ती फोनवर इचारती. चांगलं चाललंय आमचं. तिला माझं उरल्यालं आयुष्य लागू दे, आन् तुमचीबी छाती मोकळी राहू दे, ताई.